बॅग उघडल्यानी काय?

परदेशातून परतलेल्या माणसाला लोक विचारतात, प्रवास कसा झाला, थंडी होती का. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले साटमकाका विमानतळावरच्या तपासणीबद्दल एकच प्रश्न विचारतात, "बॅग उघडल्यानी काय रे?"

कंपनीच्या कामानं माझं वर्षातून दोन-तीनदा जर्मनीला जाणं होतं. मी सकाळी सातला घरी पोचलो की सव्वासातला बेल वाजते. काका समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात, त्यामुळे सुटका नाही. आत येतात, पण बसत नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे, एक चप्पल पायात, दुसरी दाराशी. एरवी बोलतात ते साधं मुंबईचं मराठी. अस्वस्थ झाले की मालवणी सुरू होतं. आणि काकू गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ते अस्वस्थच आहेत.

एकदा मी त्यांना माझी फजिती रंगवून सांगितली. फ्रँकफर्टला बेल्ट काढायला लावला आणि त्या काचेच्या पेटीत हात वर करून उभं केलं. हात वर आणि पँट खाली निघालेली. मी पोट फुगवून तिला कशीबशी अडवून धरली, मागे रांगेत अख्खं जग बघत होतं. माझी बायको हसून हसून बेजार झाली. काकांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"ता जाऊंदे रे. बॅग?"

तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू अमेरिकेहून आल्या त्या चिडूनच. तिथे उतरल्या उतरल्या विमानतळावरच्या एका धिप्पाड बाईनं त्यांचा एकेक बेसनलाडू फोडून बघितला होता. सगळी सोसायटी हळहळली. काका म्हणाले, "लाडवांचं सोडा ओ वहिनी. साड्यांच्या घड्या मोडल्या का, ते सांगा." कुलकर्णीकाकू त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हत्या.

त्यात माणूस भलताच खरा. विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते; तिथे म्हणे साहेबांनाही सही केल्याशिवाय स्क्रू मिळायचा नाही.

"बॅग तुम्ही स्वतः भरली का, असं विचारतात ना?" त्यांनी मला एकदा जिन्यात गाठलं.

"कधी कधी विचारतात. हो म्हणायचं."

"बायकोनं भरली असली तरी?"

"तरी हो. सगळे तेच सांगतात."

"म्हणजे खोटं बोलायचं. तेही सरकारी माणसासमोर." दोन पायऱ्या उतरले, परत चढले. "आणि नाही म्हटलं तर?"

"तर उघडतात, काका."

ते भाजी आणायला निघाले होते. तसेच घरी परत गेले.

त्यांची मुलगी स्वाती कॅनडात असते. नात दीड वर्षाची झाली, काकांनी तिला फक्त फोनवर पाहिलेली. स्वातीनं दोनदा तिकीट पाठवलं, दोन्ही वेळा काकांनी ते रद्द करायला लावलं. म्हातारा विमानाला घाबरतो, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिसरं तिकीट पाठवल्यावर स्वातीचा मला फोन आला. "दादा, तू तरी बाबांशी बोल ना. हिला आजोबा म्हणजे मोबाइलच वाटतो रे."

मी तावातावानंच समोर गेलो. काका मला आतल्या खोलीत घेऊन गेले. डबलबेडवर, भिंतीकडच्या बाजूला, एक लाल बॅग होती. तिच्यावर धुतलेला टॉवेल पांघरलेला.

"व्हिसा इलो त्याच दिवशी तुझ्या काकूनं भरल्यान," काका म्हणाले. "म्हटलं, अजून महिना आहे गं. ऐकते कोण. दोघांचं सगळं हिच्यातच भरलं. आणि आठ दिवसांत गेली." टॉवेलचं टोक त्यांनी सारखं केलं. "तिकडे उघडली म्हणजे वाट लागली ना. तिच्यासारखी घडी मला येत नाही. करून बघितली मी."

मी बावळटासारखा म्हणालो, "मग दुसरी बॅग घेऊन जा ना, काका."

"आणि ही हय एकटी रवतली?"

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. स्वतःचीच लाज वाटली. म्हणालो, "आमच्याकडे ठेवा. कोणी हात लावणार नाही."

काका हो म्हणाले नाहीत, पण तिकीटही रद्द केलं नाही. निघायच्या दिवशी दुपारी लाल बॅग घेऊन आले. तिला चाकं होती, तरी दोन्ही हातांनी उचलून आणली. आमच्या दारात क्षणभर थांबले आणि मग माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नात मांडीवर बसून त्यांचा चष्मा ओढत होती.

"उघडल्यानी रे," काका खुशीत होते. "नवी बॅग, सगळी इस्कटल्यानी. म्हटलं, बघा हवं तेवढं, मीच भरलंय."

मग त्यांनी नातीला स्वातीकडे दिलं आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"ती खय ठेवलंस?"

"कपाटावर, काका. मुलांचा हात पोचत नाही."

काकांनी चष्मा सारखा केला.

"खाली घे रे बाबा," ते म्हणाले. "तिला उंचावर चक्कर येते."

मी स्टूल आणायला गेलो.