उलारींच्या धरणावरचे साहेब

माझा मुलगा संघदीप खोटं बोलत नाही. ही तक्रार मी त्याच्या बापाजवळ, माझ्या नणंदेजवळ आणि विहाराच्या ओट्यावर जमणाऱ्या सगळ्या बायांजवळ रीतसर मांडलेली आहे, आणि कोणीही तिची दखल घेतलेली नाही. तिशी उलटलेला घोडा, अंगानं धडधाकट, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, पण पाहुण्यांनी विचारलं, "काय करता जी?" की हा मान वर करून सांगणार, "कापूस."

त्या वर्षांत कापसाचं नाव काढलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठत. दिल्लीहून समित्या आल्या, मुंबईहून आल्या, पांढरकवड्याच्या रेस्टहाउसात मुक्काम करून आमच्या वावरात बोंडासोबत फोटो काढून गेल्या. सगळ्यांना आमची फार कणव होती. मुलगी मात्र एकाही समितीनं दिली नाही.

मी दुसरीपर्यंत शिकले. तेवढ्यात शाळा मला पुरून उरली. सही करते. सही आली की माणूस अधिकारी व्हायला लायक होतो, हे मला पुढे अनुभवानं कळलं. त्याची हकिगत सांगते.

पांढरकवड्यातला एक सायबर कॅफे बंद पडला, तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर संघदीप घरी घेऊन आला. लाइन आली की गाव मोटार सुरू करायला धावे. आमच्या विहिरीत मोटारनं ओढावं असं काही नव्हतं, म्हणून आमचा मुलगा कॉम्प्युटर सुरू करायला धावे. त्यात एक खेळ होता. त्या खेळाचे पाच भाग निघालेले, आणि पाचही भागांत उलारी नावाची जमात होती. उलारी म्हणजे अंगानं माणूस, कातडीनं मासा. रंग निळसर, कानाखाली कल्ले, बोटांच्या मधी बदकासारखा पडदा, आणि डोक्यामागून वेणीसारखं लोंबणारं शेपूट. दिसायला देखणे, आणि आपण देखणे आहोत हे पक्कं माहीत असलेले. चालणं ताठ, बोलणं तोऱ्यात.

"हे तं माह्या माहेरचे लोक दिसून राह्यले," मी म्हटलं.

"कल्ले सोडून," आमचे मालक देवराव म्हणाले. ते वर्षातून एखादंच वाक्य बोलतात आणि ते वाया घालवत नाहीत.

पाहता पाहता मला त्या जमातीची गोडी लागली. पाचही भागांत उलारींना पाण्याचीच अडचण. एका भागात त्यांच्या सरोवराला गळती लागली, दुसऱ्यात पाणी खारट झालं, तिसऱ्यात ते रुसून डोंगरात निघून गेलं. अख्खी जमात पाण्यात राहून पाण्याची वाट पाहत बसलेली. त्यांचा राजा मात्र मोठा हुशार. कोणी तहानलेला दारात आला, तर तो कधी 'नाही' म्हणत नसे. म्हणे, आधी शिंपले आण. शिंपले आणले की म्हणे, आता पूर्वेच्या गुहेतला मोती आण. मोती घेऊन यावं, तर राजा झोपलेला. तहानलेला माणूस त्याच्या झोपेलाही नमस्कार करून जाई.

संघदीप तर त्या जमातीतच शिरला होता. त्याला कल्ले फुटले होते, आणि राजानं त्याला धरणाच्या दरवाजावर नेमलं होतं. त्यानं चाक फिरवलं की दरवाजा वर जाई आणि पाणी असं कोसळे, की मी पदर आवरून मागं सरकत असे. आमच्या तालुक्यात पुरं झालेलं धरण मी पाहिलं ते तेवढंच.

आणि नेमकं ते पाणी कोसळत असताना घनश्यामराव आमच्या दारात आले.

हे स्थळ माझ्या नणंदेनं, उमरखेडच्या शीलानं आणलेलं. घनश्यामराव म्हणजे कचेरीतून रिटायर झालेले बाबू. मुलगी साधना, बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवणारी. मुलीच्या बापानं आधी घर पाहायचं, मग मुलगा, मग मुलाचं ऑफिस, अशी आमच्याकडची रीत. घनश्यामरावांनी घर पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मग त्यांची नजर त्या कोसळत्या पाण्यावर गेली.

"हे काय जी?"

"धरण," संघदीप म्हणाला.

"अन् तुमच्याकडं काय असते?"

"दरवाजा माह्याकडंच हाये. मी उघडल्याबिगर पाणी सुटत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. उरलेलं मी घातलं. "तालुक्याच्या कालवा ऑफिसात साहेब हाये तो," मी म्हटलं. "सोताहून सांगत नाही. लाजते." संघदीपनं तोंड उघडलं, तसं मी त्याला साखर आणायला दुकानात पिटाळलं. घरात साखरेचा डबा भरलेला होता.

"परमनंट हायेत का?" घनश्यामरावांनी विचारलं.

"तुमीच जाऊन इचारा ना," मी म्हटलं. माणसाच्या अंगात एकदा तोरा चढला की तो त्याला विहिरीत ढकलूनच उतरतो.

घनश्यामराव खरंच गेले. त्या दिवशी मी भाकर तव्यावर जाळली, गाईला दोनदा पाणी पाजलं आणि देवरावांना एकदाही नाही. आता शीला येईल, शिव्या देईल, आणि माझा पोरगा जन्मभर उलारींच्याच धरणावर राहील, असं मी धरून चालले होते.

शीला आली ती पेढे घेऊन.

झालं होतं असं. कालवा ऑफिसात मंजूर जागा पुष्कळ, भरलेल्या थोड्या आणि हजर माणूस एक: नंदकिशोर बाबू. कोणीही येऊन कोणालाही विचारलं, की ते मान वर न करता सांगत, "साहेब साइटवर आहेत." ही त्या ऑफिसची कामाची पद्धत होती. 'नाही' म्हटलं तर माणूस का नाही म्हणून विचारतो. 'साइटवर' म्हटलं की हात जोडून परत जातो. घनश्यामरावांनी संघदीप साहेबांची चौकशी केली, आणि साहेब साइटवर निघाले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं.

बातमी गावात पसरली. ज्याला त्याला पाणी हवं होतं, आणि आता गावचाच पोरगा दरवाजावर होता. लोक ऑफिसात जाऊन संघदीप साहेबांना विचारू लागले. आजूबाजूच्या गावांतूनही येऊ लागले. एवढे लोक ज्याला विचारतात, त्याला बसायला खुर्ची नाही, हे ऑफिसला शोभेना. नंदकिशोर बाबूंनी खुर्ची टाकली. खुर्चीवर टॉवेल टाकला. टॉवेल आला म्हणून पंखा आला, आणि पंखा आला म्हणून भिंतीवर नावाची पाटी आली. एक मे रोजी कार्यक्षम अधिकारी म्हणून संघदीपचा सत्कार झाला. अख्ख्या ऑफिसात सतत साइटवर असणारा तोच एक निघाला. नारळ आणि शाल नंदकिशोर बाबूंनी स्वीकारली, कारण साहेब साइटवर होते.

संघदीपला हे कळलं तेव्हा तो वावरातून तसाच ऑफिसात गेला.

"मी संघदीप हाव," त्यानं सांगितलं. "मी इथं नोकरीले नाही. ती पाटी काढा."

"तसं साहेबांनाच भेटून सांगावं लागेल," नंदकिशोर बाबू म्हणाले.

"कोणत्या साहेबाले?"

"संघदीप साहेबांना. साहेब साइटवर आहेत. सोमवारी या."

तो घरी आला आणि माझ्यावर ओरडला. "माय, मले साधनाले तोंड दाखवाचं हाये. लग्न झाल्यावर तिनं डबा भरून देल्ला, तं तो घिऊन मी जाऊ कोठी?"

"वावरात जाय," मी म्हटलं. "साइट म्हणजे अजून काय असते?"

तो तसाच वावरात निघून गेला. खरं बोलणाऱ्यांकडे आयत्या वेळी शब्द नसतात, हे त्यांचं मोठं वैगुण्य आहे.

साक्षगंध जवळ आलं, तसा घनश्यामरावांचा निरोप आला: मुलाच्या ऑफिसातले दोन माणसं कार्यक्रमात दिसले पाहिजेत, आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत बरं दिसते. आता दोन माणसं आणायची कुठून? मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि स्वतःच ऑफिसात गेले.

"मी संघदीपची माय," मी सांगितलं.

नंदकिशोर बाबू पहिल्यांदाच उभे राहिले. "बसा बाई, बसा. साहेब साइटवर आहेत, त्यांच्या खुर्चीत बसा."

मी बसले. खरं सांगते, तशी खुर्ची मी जन्मात पाहिली नव्हती. टॉवेल मऊ, पंखा डोक्यावर, आणि समोर पाटीवर पोराचं नाव. मी दोन माणसं मागायला आले होते, हे मला त्या वाऱ्यात आठवेना. तेवढ्यात समोर रांग लागली. साहेबांच्या खुर्चीत माणूस दिसण्याची त्या ऑफिसातली ही पहिलीच वेळ होती.

रांगेत पुढे होते नेमसिंग. कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला त्यांचं वावर. त्यांच्या लग्नात कालवा खोदला होता, आता नातू मोठा झाला, पाणी अजून पोचायचं होतं.

"याडी," हात जोडून ते मला आई म्हणाले, "आमच्याकडं पाणी कवा येईन जी?"

नाही म्हणायला माझी जीभ उचललीच नाही. उलारींचा राजा माझ्या तोंडून बोलला. "आधी पाटात गाळ किती हाये, त्याचा फोटो आणा."

नेमसिंग गेले आणि दुपारपर्यंत फोटो घेऊन आले.

"हा लहान हाये. मोठा आणा."

ते पुन्हा गेले. जाताना माझ्या पाया पडले. त्यांच्या मागच्याला मी माती आणायला पाठवलं, त्याच्या मागच्याला सरपंचाला आणायला पाठवलं. सगळे खुशीत गेले. आजवर त्यांना नुसतं परत पाठवत होते. मी कामाला लावून पाठवत होते. नंदकिशोर बाबूंनी मला चहा आणून दिला. मी कानाखाली हात लावून पाहिला. कल्ले फुटल्यासारखंच वाटत होतं.

दिवस कलताना दारात संघदीप दिसला. वावरातला सदरा, पायाला काळी माती, आणि सोबत एक मुलगी. फोटोवरून ओळखली, साधना.

"माय, चाल घरी," संघदीप म्हणाला.

"ओ भाऊ, रांगेत या," लोक ओरडले.

"अरे, मी संघदीप हाव!"

सगळी रांग हसली. "संघदीप साहेब असे दिसतात का?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं त्याचा दंड धरून त्याला पार मागे नेऊन उभा केला. माझ्या डोळ्यांदेखत नेलं, आणि मी पुढच्याला बोलावलं. टॉवेलाला पाठ लागली की माणसाला लांबचं दिसत नाही.

साधना मात्र सरळ टेबलापाशी आली. "मामीजी, मी आज तुमच्या घरी गेली होती," होणाऱ्या सासूला हाक मारावी तशी ती हळू आवाजात म्हणाली. "सोताच इचाराले."

मी पाठीमागचा टॉवेल सावरला. "कोणाले इचारलं?"

"त्याईलेच. त्याईनं एका दमात सांगितलं. नोकरी नाही, कापूस हाये, विहीर आटली, अन् लाइन आली का निळ्या लोकाईचा खेळ."

"अन् तुह्या बाबाले सांगितलं तू?"

"बाबाले पयल्याच दिवशी समजलं होतं. तीस वर्सं तेयी कचेरीत लोकाईले 'साहेब साइटवर हायेत' असंच सांगत होते. ते म्हणतात, ऑफिस नाही म्हणत नाही, तं आपण कायले म्हणाव?" ती हसली. "मले पोरगा पसंत हाये. कोणतं बी आडवळण न घेता बोलणारा माणूस मी आमच्या घरात पाह्यला नाही. आता तुमी उठा. त्या पाटीखाली तुमी बसून राह्यल्या, तं आमाले जन्मभर त्या साहेबाच्या नावानं जगा लागन."

मी उठणार होते. हात खुर्चीच्या दांड्यावर टेकलेही होते. पण नेमसिंग तिसरा फोटो घेऊन धावत आले. "याडी, उठू नका जी! आत्ता कोठी काम मार्गी लागून राह्यलं."

"बसा बाई, बसा," मागून सगळे म्हणाले.

वाचणाऱ्यांना माझं हसू आलं असेल. येऊ द्या. पण त्या रांगेत तुम्ही असता, तर तुम्हीही मला बसाच म्हटलं असतं. तुमच्या गावच्या ऑफिसात ज्या टॉवेलला तुम्ही नमस्कार करून येता, तो कोणाच्या पाठीचा आहे, हे तरी तुम्ही कुठे पाहिलंय?

साधना वळली आणि रांगेच्या शेवटी जाऊन संघदीपच्या बाजूला उभी राहिली. त्यानं तिला काही सांगितलं, ती तोंडाला पदर लावून हसली. इतक्या वर्षांत पोराच्या तोंडावर असा उजेड मी कॉम्प्युटरसमोरही पाहिला नव्हता. मी पंखा थोडा कमी करायला सांगितला, आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पोराला म्हटलं:

"संघदीप, तुह्याच्यानं साहेब होणं नाही. तू आपल्या बापावर गेला. साहेबाले जे लागते, ते समदं माह्यात होतं अन् तुह्यात त्यातलं काहीच उतरलं नाही. पोरगी चांगली हाये, तिले घरी ने, चहा पाज. साक्षगंधाची तारीख तुमी दोघंच पाहा. मले सुट्टी भेटन का नाही, काही सांगता येत नाही."