मोटारीची परेड

"थम! परत कदम चुकला! लाज वाटत न्हाई?"

शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून ही आरोळी उठली की गल्लीतली कुत्री सावधान होऊन उभी राहत. पलीकडचे कदम गुरुजी "आता माझं काय चुकलं?" म्हणत धोतर सावरत बाहेर येत. शेडमध्ये पलटण वगैरे काही नसे. असायचे एकटे सर्जेराव हवालदार आणि त्यांची मुठीएवढी मोटार.

साताऱ्यात लोक कॉम्प्युटर बघायला चपला काढून आत जायचे, तेव्हाची गोष्ट. पलटणीत वीस वर्षं कवायत शिकवून आलेल्या या माणसानं भंगारातला कॉम्प्युटर, प्रिंटरच्या मोटारी आणि स्वतःच्या पलंगाचे लोखंडी पाय यांतून लाकडावर अक्षरं कोरणारं यंत्र उभं केलं. स्वतः तेव्हापासून जमिनीवर झोपत.

ही मोटार एकेक कदम टाकते. कॉम्प्युटरनं दोनशे म्हटलं की दोनशे. पण लाकडात अडली की दहा-वीस गाळायची, आणि पुढचं अक्षर भलतीकडंच उमटायचं. पुण्यात मुलानं, सुनीलनं, फ्लॅट घेतला होता. रविवारी वास्तुशांत. त्याआधी दारावरची पाटी व्हायलाच हवी होती. "पाटीबिगर घर म्हंजे नंबर नसलेली बराक," असं हवालदारांचं मत. बिघडलेल्या पाट्या इतक्या निघाल्या, की महिनाभर गल्लीतल्या अंघोळीचं पाणी सुनीलवरच तापत होतं.

"आवं, मागं राहिल्यालं तिला कळत न्हाई व्हय?" मी एकदा विचारलं.

"न्हाई ना गड्या. हुकूम जातो, पर उलटा रिपोर्ट येत न्हाई. कॉम्प्युटर बसतो आपला, पोचली समजून."

मग चौकशी बसली. पेन्सिलीची रेघ मारून मोटारीला लाकडाविना पन्नास फेऱ्या मारायला लावल्या. बरोबर रेघेवर आली. म्हणजे वीज निर्दोष. दांड्याला ग्रीस झालं, जोडाचे स्क्रू आवळून झाले, थोडंथोडंच लाकूड कापून पाहिलं. तरी लाकडात गेली की कदम गळायचेच. शेवटी शुक्रवारी हवालदारांनी कपाळावर असा हात मारला, की माझ्या घरातली भांडी वाजली.

"माझीच चूक, गड्या! उभ्या जागेवरनं एकदम 'दौड' म्हणत हुतो. रंगरूट पडनारच की!"

आधी हळू, मग वेग, थांबताना पुन्हा हळू, असा हुकूम त्यांनी कॉम्प्युटरात बदलला. मोटार अशी चालली, की मला सलाम ठोकावासा वाटला.

शनिवारी पाटी पाहिली. सागवानात सुनील, शेजारी सूनबाई रेखा. आणि खाली, जरा बारीक अक्षरांत, सर्जेराव.

मी वर पाहिलं. हवालदार ग्रीसच्या डब्याचं झाकण लावत होते. लागलेलंच झाकण.

"खाली जागा उरत हुती," ते म्हणाले. "मोकळी बरी दिसंना."

हवालदारीण वहिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. फडताळात एकच ताट होतं. कोपऱ्यात काळी ट्रंक दोरीनं बांधून तयार होती. मी एरवी कशाचीही चौकशी करतो. त्या दिवशी केली नाही.

रविवारी पहिल्या एसटीनं ते गेले. काखेत पाटी, खांद्यावर ट्रंक. आठ दिवस तरी शांततेत चहा पिता येईल, असं मी गल्लीभर सांगितलं.

दिवेलागणीला फाटक वाजलं. हवालदार. खांद्यावर ट्रंक, काखेत पाटी.

"काय हवालदार, लागली न्हाई व्हय पाटी?" मी ओरडलो.

त्यांनी कुलूप काढलं.

"दारावर आधीच एक हुती," ते म्हणाले. "दोन नावांची."