फुटलेला अंदाज

सरकारनं फुकट सांगितलेली गोष्ट माणसाच्या एका कानातनं आत जाते, ती दुसऱ्या कानापर्यंतसुद्धा पोचत नाही. तीच गोष्ट झाकून ठेवली, की डोंगरातल्या कातळालाही कान येतात.

वाघझरी हे साताऱ्याच्या डोंगरातलं गाव. तिथं हवेचं सरकारी ठाणं होतं. ठाणं म्हणजे पाऊस मोजायचं एक भांडं, वारा दाखवायचा पत्र्याचा एक बाण, आणि कृष्णात. बाण गंजून कायमचा कोरेगावकडं तोंड करून बसला होता, त्यामुळं सरकारदरबारी त्या डोंगरात वारा एकाच दिशेनं वाहायचा. (वाऱ्याला हे कळवायचं राहून गेलं होतं.)

कृष्णातनं रोजचे आकडे वरच्या ऑफिसला पाठवायचे. (वरचं ऑफिस खाली सपाटीला होतं.) तिथले विद्वान त्यावरनं डोंगरी भागाचा अंदाज बांधायचे. तो टपालानं परत आला, की कृष्णात देवळापुढं उभा राहून मोठ्यांदा वाचायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला, वळवाच्या दिवसांत, त्याचा आवाज विशेष लागायचा. ऐकायला गावातनं एक बोकड यायचा. तोही कागदासाठी.

मग लढाई लागली. वाघझरीवर कधी ढग येणार हे जपान्याला कळलं, तर तो त्या बेतानं विमानं आणील, असं कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या ध्यानात आलं. हुकूम सुटला: अंदाज यापुढं गुप्त. निरीक्षकानं तो वाचावा, ध्यानात ठेवावा आणि चुलीत घालावा. तोंडातनं अक्षर बाहेर पडलं तर नोकरी गेली. (मग पाठवायचाच कशाला, असं कृष्णातनं विचारलं नाही. नोकरीत मुरलेला माणूस होता तो.)

नोकरी जाऊन चालणार नव्हतं. थोरल्या लेकीची, शालूची, कोरेगावला सोयरीक जुळली होती ती त्या नोकरीवरच. व्याह्यांनी पोरगी उभ्याउभ्या बघितली. कृष्णातच्या टोपीवरचा सरकारी बिल्ला मात्र हातात घेऊन, उलटासुलटा करून, उजेडाला धरून बघितला.

अंदाज गुप्त झाल्यापासनं गावाला त्याच्यावाचून करमेना. कृष्णात छत्री घेऊन निघाला, की बायका शेणी आत घ्यायच्या. विसरून निघाला, की हिरडा वाळत पडायचा. वरच्या ऑफिसला हे कळल्यावर हुकूम आला, की छत्री रोज न्यावी, पण उघडू नये. मग लोक त्याच्या बायकोवर, साळूबाईवर, नजर ठेवायला लागले. कुरडया घातल्या की ऊन, काढल्या की पाऊस. तेव्हा कुरडयांचंही परिपत्रक निघालं: त्या बारा महिने बाहेर असाव्यात, हवा कसलीही असो. (त्या साली कृष्णातच्या घरी कुरडई वाटीतनं प्यायचे.)

लग्न वैशाखातलं. दोन दिवस आधी अंदाज आला: डोंगरी भागात कोरडी हवा, पावसाचं नाव नाही. कृष्णातचा जीव भांड्यात पडला. त्यानं कागद चुलीत घातला आणि अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला.

"आवं, वर ताडपत्री टाकायची का?" साळूबाईनं विचारलं.

"मला काय इचारतीस?"

"मग कुनाला इचारू, जपान्याला?"

"नगं टाकूस," कृष्णात म्हणाला, आणि आपण राजद्रोह केला या विचारानं त्याला दरदरून घाम फुटला.

हे कुंपणापलीकडनं शेजारच्या नाथाजीनं ऐकलं. नाथाजी म्हणजे गावातला विचारवंत. (दुसरं काही काम करत नव्हता.) त्यानं देवळापुढं माणसं जमवली.

"गड्यांनो, रॉकेल लय हाय असं सरकार म्हनलं, तवा काय झालं?"

"दिवं इझलं."

"साखर येतीया म्हनलं, तवा?"

"हुता तो गूळ बी गेला."

"आन आता सरकारचा मानूस ताडपत्री नगं म्हंतोय. सोताच्या लेकीच्या लग्नात. म्हंजी आभाळात केवढं हाय बघा."

दिवस मावळायच्या आत हिरडा आत गेला, वैरण झाकली गेली, आणि बातमी कोरेगावला पोचली.

लग्नादिवशी आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. त्याच्याखाली सगळं गाव घोंगड्या घेऊन आलं. नवरदेव घोड्यावर, बाशिंगावरनं इरलं पांघरून.

"सोयरं, आभाळाकडं तर बघा जरा," कृष्णात काकुळतीनं म्हणाला.

व्याह्यांनी डोळा घातला. "कळतंय आमाला, पावनं. तुमी बोलू नगा. नोकरी हाय."

मंगलाष्टकं मध्यावर आली आणि वळीव कोसळला, गारांसकट. मांडव ओढ्याच्या दिशेनं निघून गेला. गाव घोंगड्यांत कोरडं राहिलं. भिजले ते कृष्णात, साळूबाई आणि भटजी. (भटजींचा पंचांगावर भरवसा होता.) शालू नवरदेवाच्या इरल्यात शिरली, तेवढं मात्र शास्त्राला धरून झालं.

मांडवपरतणीला शालू माहेरी आली आणि त्याच दिवशी वरच्या ऑफिसातनं चौकशीला शरच्चंद्र साहेब आले. मूळचे सांगलीचे, स्वभावानं बारीक. व्याही ओट्यावर बसून राहिले. बिल्ला राहिला तर सून न्यायची, गेला तर ठेवून जायची, असं त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं होतं.

"पाऊस पडणार हे खात्याला ठाऊक नव्हतं," साहेब म्हणाले. "मग गावाला कसं कळलं? अंदाज फुटलाय."

"सायेब, जे न्हवतंच ते मी कसं फोडू?"

"तेच तर तुम्ही लपवताय."

कृष्णातनं टोपीवरचा बिल्ला चाचपला. एवढ्यात साळूबाई पदर खोचून बाहेर आली.

"सायेब, ह्यास्नी ठाऊक असतं तर माजी लापशी ओढ्याला गेली असती व्हय? ह्या मानसाला आभाळातलं कायबी कळत न्हाई. लगीन झाल्यापास्नं बघतीया मी."

"खरं का हे?"

ओट्यावर व्याही खाकरले. आत शालूच्या बांगड्या थांबल्या. सगळी हयात हवेत घालवलेल्या कृष्णातनं मान खाली घातली.

"व्हय सायेब. कायबी कळत न्हाई."

साहेब पुराव्याशिवाय मानणारे नव्हते. "वारा कुठून येतोय सांगा."

कृष्णातनं बाणाकडं बघून कोरेगावकडनं म्हणून सांगितलं. तेवढ्यात साहेबांची टोपी उडाली ती नेमकी कोरेगावच्याच दिशेला.

निकाल जागेवरच झाला: 'सदर इसमास हवेतले काहीही समजत नसल्याचे चौकशीअंती सिद्ध. गुपितास याजपासून धोका नाही. नोकरीत कायम.' पुढं साऱ्या डोंगरी भागाचा अंदाज बांधायचं काम त्याच्याकडंच आलं. व्याह्यांनी सून वाजतगाजत नेली.

वाघझरीनं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. नाथाजी आजही सांगतो, "समदं ठाऊक हुतं गड्याला. लेकीचा मांडव भिजवला, पर तोंडातनं शबुद काढला न्हाई."

गाव अडाणी आहे, त्याला माफ आहे. तुम्ही शिकलेली माणसं. सगळी हकीकत तुमच्यापुढं उघडी मांडली, काही झाकलं नाही. तरी कृष्णातला थोडं तरी ठाऊक असणारच, अशी बारीकशी शंका तुमच्या मनात आहेच. आता नाही म्हणू नका. नाही म्हणालात, की आम्हांला काय ते कळतं.