टटलांच्या रस्त्याला शोभेल असा राष्ट्राध्यक्ष

व्हरमाँटमधल्या कॉर्बिन्स मिल या गावाला पानगळीच्या सुरुवातीला वरून एक हुकूम आला. गावातल्या प्रत्येक रस्त्याला नाव असलंच पाहिजे. ज्या रस्त्याला नाव नसेल तो, आणीबाणीच्या कामापुरता, अस्तित्वात नाही असं समजण्यात येईल. हुकमामागचा हेतू अगदी स्वच्छ होता. कुणाच्या गोठ्याला आग लागली, कुणाच्या छातीत कळ आली, तर फोन उचलणाऱ्या माणसाला संगणकावर रस्ता सापडावा आणि अँब्युलन्स नेमकी तिथे पोचावी.

गावात बिननावाचा रस्ता एकच होता. चीज करणाऱ्यांच्या गोठ्यापासून निघून, बीव्हरच्या तळ्याला वळसा घालून तो टेकडीवर विनिफ्रेड आणि डेल्मर टटल या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराशी जाऊन संपायचा. त्याला नाव द्यावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं, कारण त्या रस्त्याने जाणारा माणूस टटलांकडेच जायचा, दुसरीकडे जायला रस्ताच नव्हता.

विनिफ्रेडला मात्र या हुकमाने हायसं वाटलं. डेल्मरच्या हृदयाने दोनदा दगा दिला होता आणि तिसऱ्या वेळी मदत यायला उशीर झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं शहरातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. लाकडं फोडायची नाहीत, हेही सांगितलं होतं. त्यावर डेल्मर म्हणाला होता, "मग त्यांना म्हणावं, या आणि फोडा. कुऱ्हाड मी देतो." असल्या नवऱ्याला अँब्युलन्सचाच आधार. म्हणून पंचमंडळाच्या सभेला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

"टटल रस्ता म्हणा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली.

पंचमंडळाचा अध्यक्ष रॉस्को पेटेंगिल. याचं खिळेमोळ्यांचं दुकान. गावातल्या प्रत्येकाला काही ना काही विकायचं असल्यामुळे आयुष्यात त्याने कुणाशी वाकडं घेतलं नव्हतं. तो हळहळत म्हणाला, "अगं, नियम आहे विनी. एक नाव दोनदा चालत नाही. डोंगरापलीकडच्या गावात टटल रस्ता आहे."

"मग बीव्हर तळं रस्ता."

"तसले तर ढीगभर आहेत."

मग रॉस्कोच्या चेहऱ्यावर तेज आलं. भांडणाला घाबरणाऱ्या माणसाला सुचावा असा तोडगा त्याला सुचला होता. "एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं नाव देऊ," तो म्हणाला. "वॉशिंग्टन आणि लिंकन नावाचे रस्ते आपल्याकडे आधीच आहेत. उरलेल्यांत जो सगळ्यांत थोर असेल, त्याचं. म्हणजे वादच नको."

ठराव एकमताने मंजूर झाला. कॉर्बिन्स मिलमध्ये एकमताने झालेलं त्या साली ते शेवटचं काम.

पुढच्या सभेत लॉर्ना थेअर उभी राहिली. ही शाळेतली निवृत्त इतिहासाची बाई; निम्म्या गावाला तिने नापास केलेलं. "यात चर्चा करण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "फ्रँकलिन रुझवेल्ट. मंदी निस्तरली, युद्ध निस्तरलं. लिहून घ्या आणि घरी चला."

"थांबा थांबा," मागून ओटिस स्टॅनहोप उठला. हा मेपलच्या पाकाचा व्यापारी, आणि लॉर्नाने नापास केलेल्या निम्म्या गावातला. "जो माणूस चारचारदा निवडून येऊनही खुर्ची सोडत नाही, तो थोर? माझा मेहुणा असाच जेवायला येतो. आम्ही त्याला थोर म्हणत नाही. रेगन म्हणा, मी आत्ता हात वर करतो."

"रेगन नट होता, ओटिस."

"आणि बाकीचे नव्हते?"

यावर जो हशा झाला तो लॉर्नाला लागला. ती खाली बसली ती पुन्हा उभं राहण्यासाठीच. रॉस्कोने घाईघाईने तोडगा काढला, की थिओडोर रुझवेल्ट कसा वाटतो? ओटिसला तो चालला असता, पण पाटीवर नुसतं रुझवेल्ट वाचून लोकांना फ्रँकलिनच आठवेल म्हणून त्याने नकार दिला. आणि लोकांना फ्रँकलिन आठवणारच नसेल तर उपयोग काय, म्हणून लॉर्नाने. मग सभेत कुणीतरी म्हणालं, की आपल्याच मातीतला, इथल्या डोंगरात जन्मलेला कूलिज असताना बाहेरचे हवेत कशाला? सगळ्यांच्या माना डोलल्या. मितभाषी, काटकसरी, आपल्यासारखा. पण तिथेच माशी शिंकली. एका म्हाताऱ्याने आठवण करून दिली, की हा गृहस्थ राजकारण करायला शेजारच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्सला गेला होता.

डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या आणि रॉस्कोने हातोडा न आपटताच पुढचा विषय घेतला. माणूस चुकतो, लढाया हरतो, लाच खातो, इथपर्यंत व्हरमाँटची माणसं समजून घेतात. मॅसॅच्युसेट्सला जाणं वेगळं.

तेव्हा शेवटी 'सर्वोत्तम राष्ट्राध्यक्ष निश्चिती उपसमिती' नेमण्यात आली. अध्यक्ष रॉस्को, सदस्य लॉर्ना आणि ओटिस. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं एका टेबलाला बसवली की निर्णय निष्पक्ष होतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. नागरिकांनी सभेत उठून आपलं म्हणणं मांडावं, प्रत्येकाला तीन मिनिटं.

विनिफ्रेडने आपली तीन मिनिटं प्रत्येक सभेत वापरली. "माझ्या नवऱ्याचं हृदय—" ती सुरुवात करायची.

"विषयाला धरून बोल, विनी," रॉस्को अगदी मवाळपणे म्हणायचा. "आजचा विषय राष्ट्राध्यक्ष आहे."

बर्फ पडू लागलं तेव्हा लॉर्नाने थोरपणाचे निकष तयार करून आणले. प्रामाणिकपणाला इतके गुण, संकटात धीर धरण्याला इतके. त्यावर ओटिस म्हणाला, की ज्याच्या काळात संकटच आलं नाही त्या बिचाऱ्याने काय करायचं? संकट ओढवून घ्यायचं? मुद्दा रास्त होता. संकट न आल्याबद्दल वेगळे गुण ठेवण्यात आले. कुणाला त्रास झाला असेल तर गुण वजा करायचे, असंही ठरलं. आकडेमोड झाली तेव्हा दिसलं, की ज्याने ज्याने म्हणून काही केलं होतं, तो तो शून्याच्या खाली गेला होता. सगळ्यांत वर आला विल्यम हेन्री हॅरिसन, कारण तो पदावर बसून महिन्याभरात वारला.

"निष्कलंक कारकीर्द," रॉस्को हुश्श करून म्हणाला.

"पण शपथविधीला त्याने थंडीत कोट न घालता भाषण ठोकलं," ओटिसने कोपरखळी मारली. "तेही मैलभर लांब. ज्याला कोट कधी घालावा कळत नाही, त्याचं नाव आमच्या गावात? इथली पोरंसोरं हसतील."

विनिफ्रेडला आता एवढं कळून चुकलं होतं, की यांना नवऱ्याबद्दल सांगून उपयोग नाही, राष्ट्राध्यक्षाबद्दलच सांगायला हवं. ती वाचनालयात गेली. कुणाचंच ज्याच्याशी वैर नाही असा एक जेम्स पोक तिला सापडला, कारण तो कुणाला आठवतच नव्हता. पुढच्या सभेत ती उठली आणि तिने तीन मिनिटांत पोक उभा केला. "एकदाच निवडून येईन म्हणाला, एकदाच आला. जे करीन म्हणाला ते केलं. आणि काम संपल्यावर घरी गेला. आपल्यापैकी कितीजण काम संपल्यावर घरी जातात?"

लोक चक्क ऐकत होते. लॉर्नाने चष्मा काढून पुसला. तिच्या शाळेत त्याचा अर्थ उत्तीर्ण असा होत असे. घरी आल्यावर विनिफ्रेड डेल्मरला तेच भाषण दुसऱ्यांदा ऐकवत बसली, आणि तिचे गाल लाल झाले होते.

"तुला तो आवडायला लागलाय की काय?" डेल्मर म्हणाला.

"गप्प बस. माणूस चांगला होता."

पण सभेत ओटिसने विचारलं होतं, "आणि त्याने मेक्सिकोशी युद्ध करून मुलूख बळकावला, त्याचं काय?" मेक्सिकोवर पुढच्या दोन सभा गेल्या. तिसऱ्या सभेत लॉर्नाने असा प्रश्न टाकला, की जे निकष पोकला लावायचे ते वॉशिंग्टन आणि लिंकनला का लावायचे नाहीत? ते दोघे गावात फुकट मिरवतायत, ते कुठल्या हिशेबाने? एकाने गुलाम राखले होते. दुसऱ्याने माणसांना खटल्याविना तुरुंगात डांबलं होतं. न्याय सगळ्यांना सारखा हवा, यावर ओटिसनेही मान डोलावली, कारण न्यायाविरुद्ध बोलणारा पहिला माणूस म्हणून त्याला नाव नोंदवायचं नव्हतं. तेव्हा छाननी पूर्ण होईपर्यंत दोन्ही नावं स्थगित करण्यात आली. रॉस्कोने तसं वर कळवलं आणि वरच्या कार्यालयाने तत्परतेने ती संगणकातून काढून टाकली. पाट्या उखडणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांच्यावर बटाट्याची पोती चढवून सुतळीने बांधण्यात आली. हे काम गावाने फार नीटनेटकं केलं.

मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल झाला. एका दुपारी डेल्मर लाकडांच्या ढिगापाशी कोसळला.

विनिफ्रेडने फोन केला. पलीकडची बाई फार शांत आणि सभ्य होती. "रस्त्याचं नाव सांगा, मॅडम."

"नाव नाही अजून. चीजवाल्यांच्या गोठ्यावरून वर, तळ्याला वळसा घालून—"

"मॅडम, मला नाव लागेल. जवळचा मोठा रस्ता?"

"वॉशिंग्टन. लिंकन. कुठलाही घ्या."

"कॉर्बिन्स मिलमध्ये या नावाचे रस्ते दिसत नाहीत."

"त्यांच्यावर पोती घातलीयत," विनिफ्रेड म्हणाली, आणि आपण काय बोललो हे ऐकून तिला रडू फुटलं. "अहो, पोक लिहा. मी सांगते ना, पोक. तो चांगला माणूस होता. कुणालाही विचारा."

त्या बाईने विचारलं नाही, पण गावाच्या रोखाने अँब्युलन्स पाठवली. ती चौकात येऊन थांबली. चारी बाजूंना चार पोती. ड्रायव्हर उतरून समोरच्या, रॉस्कोच्या दुकानात शिरला. तिथे शेगडीभोवती उपसमितीचं काम चालू होतं.

"टटलांचं घर कुठल्या रस्त्यावर?" त्याने विचारलं.

हा प्रश्न महिनोन्महिने त्यांना कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

"रुझवेल्ट रस्ता," लॉर्ना म्हणाली.

"रेगन," ओटिस म्हणाला. "रेगन रस्ता, सरळ वर."

"म्हणजे दोन टटल आहेत?"

"एकच," रॉस्को म्हणाला. "आणि रस्ताही एकच. नाव अजून ठरायचंय. तुम्ही गावाबाहेरचे, म्हणजे तटस्थ. तुम्हाला काय वाटतं?"

ड्रायव्हर पाच मुलांचा बाप होता, घाईतला माणूस होता, आणि त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. पण आमच्या देशात हा प्रश्न विचारल्यावर गप्प बसता येईल असा माणूस अजून जन्माला यायचाय. "केनेडी," त्याच्या तोंडून गेलं.

"का?" लॉर्ना आणि ओटिस दोघं एकदम म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एकमत झालं होतं.

अँब्युलन्स टेकडीवर पोचली तेव्हा विनिफ्रेडने डेल्मरच्या डोक्याखाली आपला कोट घातला होता. ती चिखलात बसली होती आणि तिने त्याचा हात सोडला नव्हता. ड्रायव्हरने त्याची नाडी पाहिली, मग टोपी काढली. उशीर किती झाला होता ते त्याने तिला सांगितलं नाही.

गावाने दुःख अगदी मनापासून केलं. लॉर्नाने मकरोनी भाजून आणली, ओटिसने हॅम आणि पाकाची बरणी, रॉस्कोने दाराच्या बिजागऱ्या फुकट बदलून दिल्या. दफनानंतर सगळे विनिफ्रेडच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले. रॉस्कोने दुखवट्याचा ठराव वाचला: 'कॉर्बिन्स मिलचे सज्जन नागरिक डेल्मर टटल, राहणार—' इथे तो अडखळला. पुढची जागा कोरी होती.

"तिथे रुझवेल्ट घाल," लॉर्ना हळूच म्हणाली. "आजच्या दिवस तरी."

"आजच्या दिवस का म्हणून?" ओटिसही हळूच म्हणाला. "डेल्मर रेगनला मत द्यायचा. त्याने मला स्वतः सांगितलंय."

"डेल्मर मतच द्यायचा नाही," विनिफ्रेड म्हणाली. "त्याला तुम्ही सगळे कंटाळवाणे वाटायचात." तिने कॉफीची किटली टेबलावर ठेवली, हात पुसले आणि ती लाकडांच्या ढिगाकडे निघून गेली. आत सगळ्यांनी कॉफी ओतून घेतली. मग कुणीतरी म्हणालं, की हॅरिसनचा पुन्हा विचार करायला काय हरकत आहे.

उपसमितीची बैठक आता दर गुरुवारी असते. विनिफ्रेड येत नाही, त्यामुळे नागरिकांमधली एक खुर्ची रिकामी असते. जेफरसनचं नाव एवढ्या वेळात एकदाही कसं निघालं नाही, असं ज्यांच्या मनात मघापासून घोळतंय, त्यांनी खुशाल येऊन तिथे बसावं, तीन मिनिटं मिळतील. आणि येता येता एवढंच आठवून बघावं, की लिंकनच्या नावावर पोतं चढवलं तेव्हा आपल्याला जेवढा राग आला, तेवढा डेल्मर चिखलात पडला तेव्हा आला होता का.