देवराव सरांचा ओला डबा

आमचे शेजारी देवराव सर घराबाहेर पडताना चष्मा विसरत, पण हातातली फवाऱ्याची बाटली कधी विसरत नसत. केशकर्तनालयात असते तशी बाटली. बोलता बोलता ते माझ्या वर्तमानपत्रावर आणि एकदा तर चहाच्या बशीवरही पाणी मारून मोकळे झाले.

सर नेरडीगोंड्याच्या शाळेत शिकवत आणि घरी अ‍ॅक्रिलिकनं, म्हणजे पाण्यात कालवायच्या आणि मिनिटांत वाळणाऱ्या रंगांनी, चित्रं काढत; रंग वाळू नये म्हणून ती बाटली. तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता. असे रंग आदिलाबादेत मिळत नसत. सर नागपूरहून आणत. तैलरंग का नाही, असं मी विचारलं.

"आठ-आठ दिवस वाळत नाही ना भाऊ. कोन वाट पाहीन?"

बसचीही वाट त्यांना पाहवत नसे. ते पुढच्या थांब्याकडे चालू लागत आणि बस मधेच त्यांना ओलांडून जाई.

चित्र उभ्यानंच काढत. पातळ थर, वाळला की दुसरा, चुकलं की वरून झाकायचं. ब्रश मात्र लगेच धुवायचा. एक तसाच राहिला, रंग वाळून त्याची काडी झाली. वहिनी त्यानं खलबत्ता साफ करत.

दिवाळीत त्यांची मुलगी सुजाता हैदराबादहून आली, तेव्हा सरांनी तिला चित्रासाठी बसवलं.

"हालू नको, सुजाता."

"बाबा, मी कुठं हालून राह्यली? तुमीच हालून राह्यले."

शब्दानं शब्द वाढला. ती त्याच दिवशी बॅग भरून गेली. चित्रात एक गाल कोरा राहिला.

मे महिन्यात सर आणि वहिनी बेज्जूरला लग्नाला निघाले. सर बाटली आणि एक स्टीलचा डबा माझ्याकडे घेऊन आले. आत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर कालवलेल्या गव्हाळ रंगाचा एवढासा गोळा.

"सकाळ-संध्याकाळ थोडं पाणी मारजा. लय नको, रंग वाहून जाते."

"सर, याले बुरशीचा वास येऊन राह्यला. फेका नं, नवा करा."

"करून पाह्यला भाऊ. जुळत नाही." त्यांनी बोटानं स्वतःच्या गालावर खूण केली. "एवढाच राह्यला तिचा."

ते फाटकापर्यंत गेले, परत आले, झाकण दाबून पाहिलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. तेवढ्यात कोपऱ्यावरून बस निघून गेली. वहिनी कपाळावर हात मारत म्हणाल्या, "आता?"

"दुसरी येईन," सर म्हणाले आणि आमच्या पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.