पन्नाशीनंतरची जिलेबी

आमच्या भागात जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं पाप समजतात. ते पाप मी केलं आहे. तेही माइक हातात धरून, लोकांना हसवत.

ज्यांना उठवलं, त्यांतले एक देवकते. धाराशिवच्या आमच्या पाटबंधारे कार्यालयात आमची टेबलं शेजारी शेजारी. समोर काही चांगलं आलं की देवकते ते पुढं ढकलायचे. कुणाकडचे पेढे आले की हात पाठीमागं बांधून म्हणायचे, "पन्नाशीनंतर!" भजी? पन्नाशीनंतर. नवा शर्ट? पन्नाशीनंतर. पन्नाशीला स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळं व्हायचं आणि तोवर खिसा उघडायचा नाही, हा त्यांचा पण होता.

"अहो, पेढा फुकट आहे," मी एकदा म्हणालो.

"जिभेला सवय लागती, भाऊसाहेब. मग ती फुकटचं आन इकतचं वळखत न्हाय."

देवकतेवहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आमचं लगीनसुदिक पन्नाशीनंतरच व्हायचं हुतं. सासऱ्यानं घाई केली."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पंख्याखाली बसायचो. देवकते मात्र भर उन्हात, चपला हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे. तळ झिजू नये म्हणून, असं आम्ही ठरवून टाकलं. मधेच कुणी जवळ नाही असं बघून तोंडानं "हुर्रर्र" असा आवाज काढायचे. चहा सोडल्यानं डोक्यावर परिणाम झाला, हेही आम्हीच ठरवलं. एवढं साठवून करणार काय, असं विचारलं तर एकच उत्तर, "मेंढराला पेन्शन न्हाय, भाऊसाहेब." सरकारी नोकराला मेंढराची काय चिंता? आम्ही हसायचो.

खरं सांगायचं तर मला हसू कमी आणि जळजळ जास्त व्हायची. मी आजचा दिवस गोड करणारा माणूस. गाडी घेतली, मोठा टीव्ही घेतला, उन्हाळ्यात थंड हवेला जाऊन आलो. सगळं हप्त्यांवर. त्यामुळं निवृत्तीच्या वयाआधी मला सुटका नव्हती, आणि हा बिनचहाचा माणूस माझ्या डोळ्यांदेखत सुटून चालला होता.

देवकत्यांच्या निरोपाच्या दिवशी जेवण होतं. ताटं वाढून झाली आणि मला बोलायला उभं केलं. मी सुटलोच. अनवाणी फेऱ्यांची नक्कल केली, हुर्रर्र केलं. शेवटी म्हणालो, "आज ह्यांच्या ताटात जिलेबी वाढलीय खरी, पण बघा, पिशवीत घालून नेतील. खातील थेट शंभरीनंतर!"

सभागृह हसून लोटपोट झालं. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते देवकत्यांच्या शेजारचे एक म्हातारे. खांद्यावर घोंगडी, डोक्याला फेटा, हातात जिलेबीचा पहिला तुकडा.

देवकते उठले. त्यांनी ताट सरकवलं. "अप्पा, चला."

म्हाताऱ्यांचं हसू थांबलं. त्यांनी हातातल्या तुकड्याकडं पाहिलं, तो हळूच ताटात ठेवला आणि घोंगडी सावरत देवकत्यांमागं निघाले. ते देवकत्यांचे थोरले भाऊ होते, हे मला मागाहून कळलं.

त्यानंतर मी फोन केले, देवकत्यांनी उचलले नाहीत. घरात गोड झालं की तो ठेवलेला तुकडा डोळ्यांपुढं यायचा. शेवटी एका रविवारी जिलेबी बांधून घेतली आणि देवकत्यांचं गाव, माकणी, गाठलं.

धरणाच्या पाण्याकडेला बाभळीखाली एक कोरी प्लास्टिकची खुर्ची. तीत अप्पा अवघडून बसलेले आणि ओरडत होते, "आरं डावीकडनं वळीव! भुईमुगात शिरत्याल!" पलीकडं तापलेल्या रानात मेंढरांमागं देवकते धावत होते. अनवाणी. "हुर्रर्र!" मेंढरं मात्र त्यांना मोजत नव्हती.

अंगणातल्या फेऱ्या कशासाठी होत्या, ते मला तिथं कळलं.

"तुमी भाषणवाले न्हवं?" अप्पा म्हणाले. "लई हसलो बगा म्या."

मला मान वर करता येईना.

"म्या मेंढरं राकली म्हणून ह्यो शाळा शिकला. तवापास्नं याच्या डोस्क्यात एकच. अप्पाच्या हातातली काठी घ्यायची, अप्पाला बसवायचं. बसवलंय. बसून बसून कंबर धरली माजी." ते हसले, मग आवाज उतरला. "पर भाऊसाहेब, म्या काय उपाशी हुतो व्हय? मेंढरामागं हुरडा खाल्ला, बोरं खाल्ली, जत्रंत ढोल वाजवून नाचलो. माजं रोजचं रोज जगून झालं. ह्येनंच माज्यापायी सोताचं तोंड बांधलं. बायकोचंबी."

देवकते येऊन मागं उभे राहिले होते. काठी टेकून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

मी पुडा सोडला. अप्पांनी लगेच एक जिलेबी उचलली. देवकत्यांचे हात सवयीनं पाठीमागं गेले. "पन्ना..." म्हणाले आणि तिथंच थांबले.

"झाली की रं पन्नाशी," अप्पा म्हणाले.

मी जिलेबी देवकत्यांपुढं धरली. गाडीत पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"देवकते, तुम्ही सुटलात म्हणून माझ्या पोटात दुखत होतं. म्हणून मी तसं बोललो आणि अप्पांना भरल्या ताटावरून उठवलं. माझं चुकलं. मला माफ करा."