सीलबंद झडप

१९७४च्या माघात कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत राहीबाईच्या स्वयंपाकघरातला धूर शासनाने बंद केला. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला बजावलंच होतं, "आता धुरात बसलात तर डोळे जातील." म्हणून निर्धूर चुलीच्या यादीत तिने पहिलं नाव घातलं. चूल झाली, धुराडं कौलांच्या वर गेलं, त्याला पत्र्याची झडप बसली. चार दिवसांत राहीबाईला झडपेची खोड कळली. सकाळी वारा पडलेला असला की ती पुरी उघडायची आणि दुपारी वारं सुटलं की दोन बोटंच उघडी ठेवायची. धूर गेला, भाकरी टम्म फुगली, डोळ्यांची आग थांबली. बाई लई खुशीत होती.

पाचव्या दिवशी ग्रामसेवक चिंतामण भाऊसाहेब पाहणीला आले आणि झडप बघून दचकले. परिपत्रकात 'झडप अर्धी उघडी' असं स्वच्छ छापलं होतं.

"मावशी, झडप कुणी हलवली?"

"म्याच की. वारं बघून हलवावी लागती."

"परिपत्रकात वाऱ्याचा उल्लेख नाही."

"आवं भाऊसाब, पर वारं हाय न्हवं?"

"असेल. त्याची नोंद नाही."

त्यांनी झडप अर्ध्यावर आणली, सुतळीने करकचून बांधली आणि वर लाखेचं सील मारलं. मोठे साहेब तपासणीला येईपर्यंत सील तुटलं तर चूल परत घेऊ, असा दमही दिला. भिंतीत बांधलेली मातीची चूल परत कशी नेतात, हे विचारायचं राहीबाईला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा धूर घरात आला. दुपारी सगळा जाळ धुराड्यात गेला आणि भाकरी कच्ची राहिली. तिने अर्ज केला. उत्तर आलं, की झडप हलवण्यास तांत्रिक मान्यता लागते आणि ती सीलबंद चुलीच्या तपासणीनंतरच देता येते. पोट काही तपासणीपर्यंत थांबेना. तिने गोठ्यात तीन दगड मांडले. गोठ्याला ना खिडकी ना झरोका. म्हैससुद्धा खोकू लागली.

साहेब चार महिन्यांनी आले. थंडगार चुलीत वाकले, नव्याने पोतारलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं.

"वा! धूर शून्य!"

"सायेब, ती पेटवतच न्हाई म्या."

"जळणाची बचत शंभर टक्के. लिहा, चिंतामण."

मग त्यांनी राहीबाईकडे पाहिलं. ती गोठ्यातला तवा उतरवून तशीच आली होती. डोळे लालभडक, गालांवर पाण्याच्या धारा. समोरचे साहेबही तिला धड दिसत नव्हते. साहेब गहिवरले. त्यांनी तिला चुलीशेजारी उभं करून फोटो काढवला आणि शेरा मारला, 'लाभार्थीच्या डोळ्यांत आनंदाश्रू'. त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या सगळ्या निर्धूर चुलींना सील लागलं.

फोटो पेपरात आला. राहीबाईने पेपर जवळ धरला, लांब धरला, उजेडात नेला. तिला काहीच दिसलं नाही.

तुम्हाला मात्र फोटो दिसला होता. सांगलीत गॅसवरचा चहा पिताना तुम्हीच तो घरात सगळ्यांना दाखवलात आणि म्हणालात, "बघा, खेड्यातली माणसं किती थोडक्यात सुखी होतात!"